भिंतीकडे वळलेलं लेबल

आमच्या रसायनतज्ज्ञांच्या संघटनेला शंभर वर्षं झाली आणि तिचा इतिहास लिहिण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. निवृत्त बाईला वेळच वेळ असतो, असा सगळ्यांचा समज! ठराव, भाषणं, पहिल्या प्रयोगशाळेचा नकाशा, सगळं नोंदवून झालं. राहिल्या त्या भांडारातल्या बाई.

सुरुवातीच्या काळात रसायनांचं भांडार बाई सांभाळत. त्यांची शिस्त एकच. जी बाटली आतून बिघडली, तिचं लेबल भिंतीकडे. द्रव वरून कितीही स्वच्छ दिसो, वळवलेल्या बाटलीला सभासद हात लावत नसत. बाईंना जाऊन साठ वर्षं झाली. बाटल्या अजून वळतात.

एकोणतीस वर्षांपूर्वी ईथर घ्यायला मी कपाट उघडलं. किल्ली माझ्याचकडे असायची, आदल्या दिवशी बाटली मीच सरळ ठेवली होती. आता लेबल भिंतीकडे होतं. चिडून हात पुढे केला आणि थांबले. वाकून पाहिलं, तर बुचाखाली जुन्या ईथरचे पांढरे, स्फोटक खडे जमलेले. बूच फिरवलं असतं तर माझ्या चिंधड्या झाल्या असत्या. लेक तेव्हा पोटात होती.

"पुरावा?" अध्यक्षांनी हस्तलिखितावर पेन्सिल आपटली. "ताई, आपण केमिस्ट. इतिहासात भुतंखेतं नकोत."

"मी जिवंत आहे, सर. आणखी कसला पुरावा देऊ?"

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. मग हळूच म्हणाले, "माझ्या वेळी ॲसिडची बाटली होती. लिहा तुम्ही."

काल दुपारी छापून आलेलं पान घेऊन मी भांडारात गेले. सगळी लेबलं समोर होती. माझा जीव भांड्यात पडला, कारण लेक आता तिथंच काम करते. पान कपाटात ठेवून मी मोठ्यानं म्हटलं, "बाई, तुमचे उपकार फिटायचे नाहीत."

"आई, झाल्या का गप्पा?"

लेक दारात हसत उभी होती. गळ्यातलं ओळखपत्र उलटं, नाव छातीकडे.

मी ते सरळ केलं.

ते वळलं.

"अशी काय बघतेस? ठणठणीत आहे मी."

"पर्स घे. डॉक्टरांकडे जायचंय. आत्ता."

बाईंनी याही वेळी आधीच सांगितलं होतं, एवढंच मी मनात घट्ट धरलं. ओळखपत्र पुन्हा सरळ केलं.

पंखा बंद होता. लेक हललीही नव्हती. नाव हळूहळू आत वळलं.