चार गोल मागे

"अजून एक पोरगी उतरव ना," समोरच्या संघाचा प्रशिक्षक मैदान ओलांडून थेट तोरुनपुढे येऊन उभा राहिला. "चार गोल मागे आहात तुम्ही. नियम आहे."

नियम तोरुनला पाठ होता. लहानांच्या फुटबॉल सामन्यात चार गोलांनी मागे पडलेल्या संघाला एक जास्तीचा खेळाडू मिळतो. फरक तीनवर आला की तो बाहेर. पण उतरवायला कोणी हवं ना! दोघी तापाने फणफणलेल्या, तिसरी आजीच्या साठीला गेलेली.

"असती तर तुझ्या आमंत्रणाची वाट बघत बसले असते का मी?"

तो हसला. फियोर्डच्या खाडीवरून पाऊस आडवा येत होता, भुवयांवरून पाणी टपकत होतं, संघातल्या पोरी काकडल्या होत्या... आणि हा बाबा हसत होता. तोरुनचं डोकं आणखीच फिरलं.

"मग माझी एक घे."

"भीक नको."

"भीक कुठली? उसनी. खेळ संपला की परत कर."

ती तोंड उघडते तोवर तिच्या पोरींनी त्याच्या तुवाला हाताला धरून ओढून आणलंसुद्धा, अंगात पिवळी बंडी चढवलीसुद्धा. तुवा म्हणजे त्याच्या संघातली वाघीण. द्यायचीच तर त्याने सगळ्यात चांगली दिली होती, हे तोरुनच्या नजरेतून सुटलं नाही. ते तिला आवडलं, आणि आवडलं म्हणून रागही आला.

तोरुनच्या संघात इंग्विल्ड नावाची एक पोर होती. ऐन धावपळीत थांबून ही सीगल पक्षी बघायची. त्या दिवशी तुवाने मारलेला चेंडू तिच्या नडगीवर आपटला आणि जाळ्यात गेला. जन्मातला पहिला गोल! सात-तीन असा मार खाऊनही पोरी ओल्या मैदानावर चषक मिळाल्यासारख्या लोळल्या.

"आयविन," तो हात पुढे करत म्हणाला.

"हात ओला आहे तुझा."

"तुझा कोरडा आहे?"

नव्हता. त्याचा धरला तेव्हा कळलं, गरम मात्र होता.

जूनपासून दोन्ही क्लबांचा सराव एकत्र सुरू झाला. गावात पोरीच कमी, दुसरा इलाज नव्हता. तोरुनची एक अट असायची. संघातल्या प्रत्येकीचा पाय लागल्याशिवाय गोल धरायचा नाही. आयविनला आधी हे खूळ वाटलं. मग त्याने बघितलं, की तुवा मान वर करून खेळायला लागली. इंग्विल्ड कुठे आहे हे शोधायला लागली. आणि इंग्विल्डने सीगल बघणं सोडलं नाही, पण चेंडू आला की पाय पुढे करायला लागली.

सराव संपला की दोघं बाकावर बसून बूट झाडायची. मैदानावरच्या नकली गवतातले ते रबराचे काळे दाणे बुटात, मोज्यात, कुठे कुठे शिरतात. एकदा आयविनने तिचा बूट उचलून उलटा केला.

"अर्धं मैदान निघालं तुझ्या बुटातून."

"उरलेलं अर्धं तुझ्या डोक्यात असेल."

तिच्या मोज्याला चिकटलेला एक दाणा त्याने बोटाने अलगद उडवला... आणि तोरुनसारखी फाटक्या तोंडाची पोरगी पार घरी पोचेपर्यंत गप्प होती.

ऑगस्टमध्ये क्लबचा अध्यक्ष गुन्वाल्ड याने सांगितलं: आता क्लब एक, संघ दोन. चांगल्या पोरींचा 'अ', बाकीच्यांचा 'ब'. 'अ' आयविनकडे, 'ब' तोरुनकडे. गुरुवारी बैठक, त्यात ठरवू.

दहा वर्षांच्या पोरींना हुशार आणि ढ अशा दोन दावणींना बांधायची कल्पना ज्यांच्या डोक्यातून निघते, त्यांच्या मोज्यात जन्मभर ते काळे दाणे राहोत! तोरुन स्वतः दहाव्या वर्षी 'ब' होती. तिला कोणी काढलं नव्हतं, फक्त तिच्याकडे बघायचं बंद केलं होतं. पुढच्या वसंतात ती मैदानावर गेलीच नाही. आता तिने मनाशी ठरवून टाकलं होतं, की पोरी फोडल्या तर आपल्याकडची मैदानाची किल्ली टेबलावर आपटायची आणि चालू पडायचं.

"तुला माहीत होतं?" तिने आयविनला विचारलं.

तो जरा थांबला. "गुरुवारी बोलू."

बस्स, एवढंच. त्या थांबण्याचा तिने लावायचा तो अर्थ लावला. त्या दिवसापासून ती बूट घरी नेऊन एकटीच झाडायला लागली.

गुरुवारी सरावावरून ती तशीच बैठकीला गेली. क्लबच्या खोलीत वॅफलचा वास भरला होता. गुन्वाल्ड 'गुणवत्ता', 'गुणवत्ता' करत होता, चांगल्या पोरींचे बाप माना डोलवत होते, आणि खिशातली किल्ली तोरुनच्या मुठीत गरम झाली होती. तेवढ्यात आयविन उठला.

"मी लहानपणी 'अ'मध्ये होतो," तो म्हणाला. "माझा जिवलग मित्र 'ब'मध्ये गेला. मी जिंकत राहिलो आणि सामन्याला जाताना बसमध्ये एकटा बसत राहिलो. 'अ' संघ मी घेणार नाही. पोरी एकत्र राहणार असतील तर तोरुनच्या हाताखाली खेळवीन. नाहीतर दुसरा कोणी बघा."

मग तुवाची आई म्हणाली, की आमची तर घरी इंग्विल्डशिवाय दुसरं नावच घेत नाही, त्या दोघींना वेगळं केलंत तर मीच तिला घरी बसवीन. लोक हसले. एकत्र ठेवा म्हणणाऱ्यांचे हात वर झाले, इतके की मोजायची पाळीच आली नाही.

तोरुनचा जीव भांड्यात पडला. डोळ्यांत पाणी आलं म्हणून ती बाहेर पायरीवर येऊन बसली. मागोमाग तो आलाच.

"आधी सांगायला तोंड शिवलं होतं का तुझं?"

"आधी सांगितलं असतं तर तू सगळ्यांना सांगितलं असतंस. मग लोक म्हणाले असते, हा तोरुनसाठी बोलतोय."

"आणि तसं नव्हतं?"

"आत पोरींसाठी बोललो. तोरुनसाठी... आता बोलतो." त्याने हात खिशात घातले, परत बाहेर काढले. "त्या पावसातल्या सामन्यापासून मी चार गोल मागे आहे. एकटाच खेळतोय. नियमाने मला एक माणूस मिळायला हवं."

तोरुनने मुद्दाम वेळ लावला. इतके दिवस तिला जाळलं होतं त्याने, जरा त्यालाही कळू दे.

"नियम पुरता माहीत आहे ना? फरक तीनवर आला की जास्तीचं माणूस बाहेर."

"माहीत आहे."

"मग?"

"मग... जन्मात एकही गोल करणार नाही मी."

आता मात्र तिला हसू आवरेना. तिने पाय पुढे केला. "बूट काढ. मघापासून दाणे टोचतायत."

आयविन ओल्या पायरीपाशी गुडघा टेकून बसला आणि नाडी सोडायला लागला. खिडकीतून गुन्वाल्ड डोळे फाडून बघत होता. तोरुनने त्याला किल्ली दाखवली आणि पुन्हा खिशात टाकली.