डेनमार्कची खुर्ची

खुर्ची उलटी करून सतरंजीवर ठेवली गेली, तिचे चारही पाय वर झाले, आणि सोफ्याच्या कोपऱ्यात बसलेल्या आत्मारामच्या काळजात चर्र झालं... छत्तीस वर्षांत त्याने ही खुर्ची कोणालाही अशी पालथी करू दिली नव्हती!

"बघते हं काका," म्हणत माणिकपूरहून आलेली मर्लिन हातात बॅटरी घेऊन गुडघ्यांवर बसली. जुनं फर्निचर ओळखायचं, त्याची किंमत ठरवायची, हाच तिचा धंदा. तिला बोलावलं होतं सुनेने, ऋतिकाने. सत्तर वर्षांपूर्वीची डेनमार्कची आरामखुर्ची लाखांत विकली गेल्याचं तिने फोनवर पाहिलं, आणि आपल्या गॅलरीत चादरीखाली झाकलेली सासऱ्यांची खुर्ची हुबेहूब तशीच आहे म्हटल्यावर बाईसाहेबांना दोन दिवस दुसरं काही सुचेना.

केयूर मात्र हाताची घडी घालून भिंतीला टेकून उभा होता. "लाख मिळोत नाहीतर शंभर रुपये," तो बापाकडे न बघता म्हणाला, "एकदाची घरातून जाऊ दे. माझी आई तिकडे मरत होती आणि हे शेटची कामं उरकत बसले होते. त्याची बक्षिशी आहे ही!"

आत्मारामने मान खाली घातली. गावच्या, चांदीपच्या घरात त्याने हे ऐकलं होतं, गोखिवऱ्याच्या या फ्लॅटमध्येही ऐकत आला होता, आणि दर वेळी त्याने ते मुकाट्याने पोटात घातलं होतं. खरं तर ती खुर्ची शेटने दिलेली नव्हती. डेनमार्कचीही नव्हती. ती त्याने स्वतःच्या हाताने, आपल्या बायकोसाठी, मथुरेसाठी केली होती!

मथुरेच्या हृदयाची झडप बिघडलेली. आडवी झाली की तिचा श्वास कोंडायचा, म्हणून बिचारी भिंतीला पाठ लावून रात्र रात्र बसून काढायची. आत्माराम तेव्हा मुंबईत एका शेटच्या फर्निचर कारखान्यात सुतार होता, आठवडाभर तिथेच राहायचा आणि रविवारी घरी यायचा. कारखान्यात एकदा दुरुस्तीला डेनमार्कची खुर्ची आली. ती पाहिली आणि त्याच्या मनात एकच विचार आला... अशा खुर्चीत माझ्या मथुरेला झोप लागेल! एका रविवारी ती भिंतीशी बसल्या बसल्या पेंगत असताना त्याने हळूच सुतळीने तिची मापं घेतली, सुतळीला गाठी मारल्या, आणि कोणाला काही न सांगता शेटकडच्या उरलेल्या सागवानातून खुर्ची करायला घेतली. बैठकीचं शेवटचं विणकाम राहिलं होतं म्हणून एक रविवार तो घरी गेला नाही. एकच रविवार! मंगळवारी दुपारी टेम्पोतून खुर्ची घेऊन तो चांदीपला उतरला, तेव्हा अंगणात तिरडी बांधली जात होती.

नऊ वर्षांचा केयूर तीन दिवस जेवला नाही. "आईने पानी मागितलं, मी खेळायला पळालो, म्हनून ती गेली," एवढंच तो पुटपुटत होता. चौथ्या दिवशी त्याच्या आत्याने पोराला ऐकू जाईल असं म्हटलं, "बाप शेटची खुर्ची घासत बसला, वेळेवर आला असता तर वाचली असती!" ते ऐकून पोर धावत आलं, दोन्ही मुठींनी बापाची छाती बडवली, ओरडलं, रडलं... आणि संध्याकाळी दोन भाकऱ्या खाऊन झोपलं. आत्मारामने त्याच क्षणी ठरवलं, पोराचा हा राग आपल्यावरच राहू द्यायचा, आणि खुर्ची शेटची बक्षिशी आहे असंच सगळ्यांना सांगायचं. आपल्याला काय लागायचं ते लागू दे, पण त्या कोवळ्या जिवाने आईचं मरण स्वतःच्या माथी घ्यायला नको!

म्हणून आज त्याला खुर्ची जाण्याचं भय नव्हतं. भय होतं या मुलीच्या नजरेचं. तिने खुर्ची नीट ओळखली, तर इतक्या वर्षांचं झाकलेलं सगळं उघडं पडणार होतं.

"डेनमार्कचीच हाय ती," तो घाईघाईने म्हणाला. "शेटनी सांगितलेलं मला. किंमत बोल आनि घेऊन जा, पोरी."

मर्लिन बैठकीखालची पट्टी बोटाने चाचपत होती. मग तिने टेप काढला, मापं घेतली, फोनमध्ये काहीतरी ताडून पाहिलं आणि पुन्हा तीच मापं घेतली.

"सॉरी ऋतिका," ती म्हणाली, "ही डेनमार्कची नाही. कारखान्याचा शिक्का नाही, लाकूड आपल्याकडचं आहे. आणि करणारा डावखुरा होता, खाचांमध्ये पटाशी उलट्या बाजूने चाललीय. तिकडची म्हणून हिला काहीच किंमत नाही."

ऋतिकाचा चेहरा पडला. "म्हणजे नकली?"

"तसंही नाही गं... तेच मला कळत नाहीये." मर्लिनने खुर्ची सरळ केली. "नक्कल करणारा माप बदलत नाही, त्याला तंतोतंत तशीच हवी असते. इथे प्रत्येक माप मुद्दाम बदललंय. बैठक जवळजवळ तीन इंच खाली, हात जवळ घेतलेले, पाठ जास्त उभी. ही विकायला केलेली नाही. ही कोणा एका माणसासाठी केलीय. लहानखुरी बाई असणार, पाच फुटांच्याही आतली. आणि तिला आडवं पडता येत नसणार. पण विणकाम बघा, जराही सैल झालेलं नाही. तिच्यात कधी कोणी बसलेलंच नाहीये! काका, कोणासाठी होती ही?"

आत्मारामने डाव्या हातातला चहाचा कप चटकन खाली ठेवला. केयूरची नजर त्या हातावर गेली... आणि तिथेच खिळली.

मर्लिनला उशिरा का होईना कळलं, की आपण इथे परक्या आहोत. टेप गुंडाळून ती उठली, आणि ऋतिका डोळे पुसत तिला सोडायला खाली गेली.

"बाबा..." केयूर भिंतीपासून पुढे आला. "आईसाठी?"

आत्मारामने उजव्या हाताने डावा हात झाकून घेतला.

"बोला ना! छत्तीस वर्षं मी तुम्हाला काय काय बोललो... लग्नात पाया पडलो नाही तुमच्या! का नाही सांगितलंत?"

"तू जेवत नव्हतास रे," आत्माराम कसाबसा म्हणाला. "माझ्यावर रागावलास आनि जेवलास. मग मी काय सांगू?"

केयूर खाली बसला. बापाला ज्याची धास्ती होती तेच झालं. पंचेचाळीस वर्षांच्या त्या माणसाचा चेहरा बघता बघता नऊ वर्षांच्या पोराचा झाला. "मी पाणी दिलं नव्हतं तिला..." तो म्हणाला. "बाबा, मी विसरलो नव्हतो ते. तुम्हाला शिव्या घालताना पण मला माहीत होतं!"

म्हणजे पोराचं ओझं उतरलंच नव्हतं! ज्यासाठी आत्मारामने आपलं अख्खं बापपण पणाला लावलं, ते काही साधलंच नव्हतं. एकाच छताखाली दोघे आपापला अपराध उराशी धरून झुरत राहिले... आत्मारामच्या डोळ्यांना धार लागली. तो सोफ्यावरून उतरला, फरशीवर लेकाजवळ बसला, आणि त्याला दोन्ही हातांनी जवळ ओढून म्हणाला, "नऊ वर्सांचा होतास, पोरा. पोरं खेळायला पळतातच. तुझा काय बी दोष नव्हता."

"आणि तुमचा?"

आत्मारामने त्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. मग, ज्या प्रश्नाने त्याला उभ्या आयुष्यात कधी नीट झोपू दिलं नव्हतं, आणि ज्याचं उत्तर जगात या एकाच माणसाकडे होतं, तो प्रश्न त्याने विचारला.

"मी आलो नाय त्या रविवारी... तूच होतास तिच्याजवळ. काय म्हनाली रे ती?"

केयूरने बापाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. खोटं बोलणं सोपं होतं, ओठांपर्यंत आलंही होतं. पण दोघांमध्ये आता आणखी एक लपवाछपवी त्याला सोसवेना.

"दार लावू नको, बाबा येतील, म्हणाली," तो हळूच म्हणाला. "सोमवारीही तेच. मंगळवारी सकाळी वारा येत होता म्हणून मी लावलं, तर तिने मला परत उघडायला लावलं."

आत्मारामने मान हलवली, पुन्हा एकदा हलवली, आणि लेकाच्या खांद्यावर कपाळ टेकून तो मोठ्याने रडू लागला.