आमचे इन्स्पेक्टरसाहेब फार विद्वान आहेत

"माझे वडील गेले," वत्सला भोईर म्हणाली. "त्यामुळे त्यांना वाचवायचं नाही. त्यांच्यावरचा ठपका तेवढा काढायचा आहे."

दिगंबर चौबळांनी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं. न रडणारं अशील त्यांना क्वचितच मिळे. शहापुरात राहून ते खासगी तपासाची कामं करत आणि बहुतेक माणसांना तुच्छ लेखत. शेजारी बसलेले टिपणीस, कल्याणच्या कोर्टातले निवृत्त कारकून, याला सरावले होते.

"उद्या शाळेच्या कमिटीची सभा आहे," वत्सला म्हणाली. "बाबा दोषी होते असा ठराव करून प्रकरण मिटवणार आहेत."

हकिकत थोडक्यात अशी. जयराम भोईर शहापूरच्या एका खासगी शाळेत इंग्रजी शिकवत. गेल्या महिन्यात इन्स्पेक्टर तपासणीला आले. मास्तर मॅट्रिकच्या वर्गाकडून भाषेच्या अलंकारांची उजळणी करून घेणार होते. नवा रंग दिलेला फळा, धूळ बसू नये म्हणून, भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. साहेबांनी तो फिरवायला सांगितला. त्यावर इंग्रजीत, छापील वळणाच्या अक्षरांत लिहिलेलं होतं: 'उपरोध. उदाहरण: आमचे इन्स्पेक्टरसाहेब फार विद्वान आहेत.'

हेडमास्तरांनी धावत जाऊन ओलं फडकं फिरवलं. अक्षरं गेली नाहीत. साहेब चहा न घेता निघून गेले. मास्तर त्याच दिवशी निलंबित झाले, आणि चौकशी व्हायच्या आधीच हृदय बंद पडून वारले.

"पण वाक्यात तर स्तुती आहे," टिपणीस म्हणाले.

"वर 'उपरोध' लिहिलंय, टिपणीस." चौबळ वत्सलेकडे वळले. "वडील उजळणी कशी घेत?"

"फळ्यावर नुसतं वाक्य लिहायचे. अलंकाराचं नाव मुलांनी ओळखायचं. घरीसुद्धा तेच. आमटी अळणी झाली की आईला म्हणायचे, 'आज समुद्रच वाढलास.' आणि मला विचारायचे, कोणता?"

"मग?"

"मी सांगायची, उपरोध." तिनं पदर सारखा केला. "आदल्या रात्री ते मुरबाडला होते. बाईजा आत्याला बरं नव्हतं. दुपारीच गेले, सकाळच्या मोटारीनं थेट शाळेत आले."

शाळेत हेडमास्तर गद्रे यांनी दोघांना बसवलं, पण स्वतःची मान खाली केली नाही.

"नांगराच्या घरातला माणूस. इंग्रजी पाठ केलं होतं, पचलं नव्हतं. मग हे असं बाहेर पडतं."

"तुम्हाला पचलंय," चौबळ म्हणाले. "उपमा आणि रूपक यांत फरक काय हो?"

गद्र्यांनी पाणी मागवलं.

सबनीस मास्तर तरुण होते, कोट नवा होता. भोईरांच्या जागी इंग्रजी आता तेच शिकवत.

"सकाळी वर्ग मी उघडला," ते म्हणाले. "फळा फिरवून पाहिला. स्वच्छ होता. पुन्हा भिंतीकडे करून ठेवला. नंतर भोईर आले. वर्गात बराच वेळ एकटेच होते. मला सांगताना वाईट वाटतं."

"ते दिसतंच आहे. आदल्या संध्याकाळी?"

"दिवेलागणीला शाळा मीच बंद केली. त्या वर्गात गेलोही नाही."

लडकू शिपाई व्हरांड्यात घंटेजवळ बसला होता.

"फळ्याला काळं कधी दिलंस रे?" चौबळांनी विचारलं.

"तपासणीच्या आदल्या सांजचं, सायेब. कोलसा वाटला, पाल्याचा रस घातला, दोन हात मारलं. मंग भिंतीकडं तोंड केला."

"ओलाच?"

"मंग? रातचा सुकतो तो. सबनीस मास्तर बोलले, तू जा, कुलूप मी लावतो. आमी गेलो घरी."

पुरावा म्हणून तो फळा अडगळीच्या खोलीत ठेवला होता. चौबळांनी ओल्या फडक्यानं तो घासला. खडूचा पांढरेपणा गेला, अक्षरं राहिली. त्यांनी एका अक्षरावरून नख फिरवलं. ते खोबणीतून गेल्यासारखं गेलं.

"फारच दाबून लिहिलंय," टिपणीस म्हणाले.

"आता शेजारच्या वर्गातल्या फळ्यावर तुम्हीही दाबून लिहा."

टिपणीसांनी खडू मोडेपर्यंत दाबलं. फडकं फिरवताच फळा स्वच्छ झाला.

"तुमच्या अंगात जोर नाही, असं म्हणायचं का आपण?" चौबळ म्हणाले. टिपणीस विचार करू लागले. ते बराच वेळ चाललं.

दुसऱ्या दिवशी कमिटी जमली. अध्यक्ष भाताच्या गिरणीचे मालक होते. ठराव आधीच लिहून आणलेला होता. वत्सला भिंतीशी उभी होती. तिला कुणी बस म्हटलं नाही. चौबळांनी स्वतःची खुर्ची तिच्याकडे सरकवली आणि बोलायला लागले.

"भोईर मास्तर कधीही अलंकाराचं नाव फळ्यावर लिहीत नसत. इथं नाव आधी लिहिलंय. उपरोध करून वर 'हा उपरोध' अशी पाटी लावणारा माणूस उपरोध शिकवू शकेल, पण त्याला तो कळलेला नसतो. अर्थात ही झाली माझी नावड. पुरावा फळ्यात आहे."

फळा आत आणला होता. त्यांनी अध्यक्षांचं बोट धरून अक्षरावरून फिरवलं.

"वाळलेल्या काळ्यावर कितीही दाबा, खडू पुसला जातो. काळं ओलं असताना लिहिलं तर ते खरवडून निघतं आणि अक्षर कायमचं बसतं. ओल्यावर खडू नीट उठत नाही, म्हणून लिहिणाऱ्यानं आणखी दाबलं. फळा ओला होता संध्याकाळी. तेव्हा मास्तर मुरबाडला बहिणीच्या उशाशी बसले होते."

"मग संध्याकाळी कोणीही..." गद्रे म्हणाले.

"कोणीही नाही. अक्षरं संध्याकाळपासून तिथं होती. आणि एक गृहस्थ सांगतात, सकाळी फळा फिरवून पाहिला, तो स्वच्छ होता. आंधळा माणूस असं म्हणाला असता तर मी मानलं असतं. मास्तर रात्री गावात नव्हते, म्हणून गुन्हा सकाळवर ढकलणं भाग होतं. लडकूला घरी पाठवून कुलूप लावायला कोण थांबलं होतं, ते तुम्हाला माहीत आहे. जागा कोणाला मिळाली, तेही."

सबनीस उठले. "मला फक्त त्यांना चार बोलणी बसायला हवी होती," ते म्हणाले. "ते मरतील असं कुणाला वाटलं होतं?"

"एवढी ओल असलेला फळा हाताला कळू नये," चौबळ म्हणाले, "म्हणजे आयुष्यात एकदाही फळा काळा केलेला नाही. आणि इथले लोक नांगरावर नाक मुरडतात."

सबनीस बाहेर गेले. त्यांना कुणी थांबवलं नाही. गद्रे खिडकीतून काहीतरी महत्त्वाचं पाहत होते.

अध्यक्षांनी जुना ठराव फाडला आणि कारकुनाला नवा सांगायला घेतला. त्यांचा आवाज भरून आला. "लिहा. या शाळेच्या आकाशातला तेजस्वी सूर्य अकाली मावळला. विद्येच्या बागेतला कल्पवृक्ष..."

"ते नको," वत्सला म्हणाली.

"अहो बाई, गौरव आहे हा."

"ते निर्दोष होते, एवढंच लिहा."

"फार कोरडं वाटतं ते."

"वाटू द्या," ती म्हणाली आणि कारकून लिहीपर्यंत त्याच्या टेबलापाशी उभी राहिली.