हैबतीरावांचं थंड पेट्रोल

"आज मोटार घाटात पुन्हा थांबली, तर उद्यापासून चाक दुसऱ्याच्या हाती," असं बजावून हैबतीराव आत गेले. मालोजीमामा फडक्याने हात पुसत राहिला. हात केव्हाच पुसून झाले होते.

शकू मे महिन्याच्या सुट्टीत महाडहून पोलादपूरला मामाकडे आली होती. मामा हैबतीरावांची प्रवासी मोटार चालवायचा. मुंबईत टॅक्सी हाकून आलेला माणूस. गावात इंजिन कळणारा तो एकटाच. पण पंधरवड्यापासून त्याच इंजिनाने त्याच्याशी वैर धरलं होतं. सपाटीवर मोटार शहाण्यासारखी चालायची. आंबेनळी घाट लागला, की आत कोणी हातोडी घेऊन बसल्यासारखी टकटक, मागे काळा धूर आणि तिसऱ्या वळणावर ठप्प. महाबळेश्वरला निघालेली मंडळी दोनदा बोचकी डोक्यावर घेऊन पायी वर गेली होती.

मोटार दुपारी सुटायची होती. शकूचा पाय एका जागी ठरेना. मामेभाऊ भिकू आणि शेजारची मैना यांना घेऊन ती मोटारीभोवती घिरट्या घालत होती. अभ्यासाची वही काखेत होती. ती उघडायचा कोणाचाच विचार नव्हता. मामाने प्लग घासले, पाणी बदललं. टाकीत नक्की काय घालता, असं शकूने विचारलं.

"पेट्रोल. दुसरं काय, ताक?" मामाने चिमूटभर तपकीर ओढली. तपकिरीने त्याचं नाक कधीच बाद झालं होतं. डबा मात्र राव स्वतः कोठीत फोडून देतात, हेही तो म्हणाला. ड्रायव्हरच्या हाती सीलबंद डबा द्यायला त्यांचा जीव होत नसे.

रावांनी फोडून दिलेला डबा मामा टाकीत ओतत असताना चार थेंब शकूच्या वहीवर उडाले. तिने पान उन्हात धरलं. घटकाभराने पाहिलं, तर कडा सुकलेल्या आणि मधोमध तेलकट डाग, भजी ठेवल्यासारखा.

"आमच्या कंदिलाचं घासलेट सांडलं की असंच होतं गो," मैना म्हणाली.

तिघं धावत चहाच्या दुकानाशी गेली. तिथे टपालाची मोटार उभी होती. भिकूने ड्रायव्हरची एवढी मनधरणी केली, की त्याने वैतागून आपल्या डब्यातले चार थेंब दुसऱ्या पानावर टाकले. ते पान बघता बघता कोरडं झालं. डाग नाहीच.

परत येऊन तिघांनी कोठीच्या दाराच्या फटीतून पाहिलं. हैबतीराव उद्याच्या डब्याची तयारी करत होते. पेट्रोलच्या डब्यात ते घासलेट ओतत होते, तेही देवाला अभिषेक करावा तसं, हळूहळू.

मोटारीत प्रवासी बसायला लागले होते. शकूने सगळ्यांसमोर दोन्ही पानं रावांपुढे धरली आणि कोणतं पेट्रोल चांगलं, ते साळसूदपणे विचारलं. रावांनी अर्थातच कोरडं पान दाखवलं.

"मग हे डागाचं आपल्या टाकीतलं हाय," भिकू म्हणाला.

राव लाल झाले, पण लबाडी उघडी पडली म्हणून नव्हे; त्यांच्या मते ते मोटारीचं भलंच करत होते. उन्हाळ्यात पेट्रोल उष्ण पडतं, इंजिनाला बाधतं, म्हणून आपण त्यात घासलेट घालून ते थंड करतो, असं त्यांनी मोठ्या मायेने समजावलं. बनुबाईंनी, म्हणजे त्यांच्या आईने, सांगितलेला उपाय होता तो.

"राव, ती मोटार हाय, बाळंतीण नाय!" मामा म्हणाला. "घासलेटानंच ती ठोकते नि जास्त तापते."

मामाने टाकी रिकामी केली. राव मुकाट्याने सीलबंद डबा घेऊन आले आणि पहिल्यांदाच त्यांनी तो मामाच्या हाती दिला. चढाला शकू पुढच्या बाकावर मामाशेजारी बसली होती, मागे राव. तिसरं वळण आलं. सगळे कान देऊन बसले. टकटक नाही. वळण मागे पडलं.

"मालोजी, चाक तुझंच," राव मागून म्हणाले. "आणि ही तुझी भाची माझ्यापेक्षा शहाणी."

वर पोचल्यावर शकूला वहीची आठवण झाली. डागाच्या पानावर गुरुजी काय म्हणतील? आयुष्यात कधी चूक कबूल न केलेल्या हैबतीरावांनी तिच्याकडून पेन्सिल मागून घेतली. डागाखाली ठसठशीत अक्षरांत लिहिलं, 'हा डाग माझा आहे', आणि खाली सही केली.