फुलीचं घर

सरकार आपण होऊन तुमच्या दारात येतं, पण त्याला एक अट असते. तुमचं वय पाचच्या आत हवं. बाकीच्यांनी आरोग्य केंद्रात यावं, रांगेत बसावं आणि पंखा बंद का आहे हे विचारू नये. रंजिता सिस्टरला हे पटत होतं की नव्हतं, हे तिलाही सांगता आलं नसतं. नोकरीत इतकी वर्षं काढल्यावर पटण्याचा प्रश्न मागे पडतो.

सारसोळ्यात तिची बदली नुकतीच झाली होती. पोलिओची मोहीम चालू होती. खांद्याला लसीची निळी पेटी लावून ती घरोघर फिरत होती आणि बरोबर गावातलीच आशा कार्यकर्ती शालन होती, हातात खडू घेऊन. घरातल्या सगळ्या मुलांना डोस मिळाला की दारावर ‘P’ लिहायचा. एखादं मूल राहिलं तर फुली. फुलीच्या घरी पुन्हा जायचं, आणि फुली पुसली जाईपर्यंत जातच राहायचं.

पुतळाआजीचं घर म्हणजे चार मजली इमारतीचा तळमजला. वर भाडेकरू, खाली ती एकटी. पुतण्या कुंदन खारघरला राहायचा. तो वेळच्या वेळी किराणा पाठवायचा आणि दिवाळीला येऊन आजीबरोबर फोटो काढून जायचा.

शालन त्या दारावरून पुढे निघाली होती. रंजिताच थांबली.

“आजी, पाच वर्षांच्या आतलं कुणी आहे का घरात?” विचारायचं म्हणून तिने विचारलं.

“हाय ना. निजलंय.”

“मग उठवा की.”

“आताच निजलंय गो बाय. उद्या ये.”

ऊन मी म्हणत होतं. आणि मूल आहे म्हटल्यावर आहे, हा मोहिमेचा नियमच. रंजिताने शालनला फुली मारायला सांगितली. शालनने खडू तिच्याच हातात दिला.

“तुमीच मारा, सिस्टर.”

दुसऱ्या दिवशीही मूल निजलेलंच होतं. पण आज दारातच रंजिताला एक वास आला. तो वास नर्सला ओळखावा लागत नाही. तिने आजीला खाटेवर बसवलं आणि पायाला गुंडाळलेलं फडकं सोडलं. साखरेचा पाय, मधुमेहाने सडत चाललेला. अंगठा काळा पडला होता आणि काळेपणा वर सरकू लागला होता.

“आजी, आजच हॉस्पिटलात चला. आज गेलात तर अंगठ्यावर निभावेल. थांबलात तर पाय जाईल आणि मग जीवच.”

“मी गेल्यावर त्याला कोन बगनार?”

जखम धुऊन पट्टी बांधून रंजिता बाहेर आली, तेव्हा तिला हसू आवरेना. “हुशार आहे हां म्हातारी. घरात मूल आहे म्हटलं की नर्स दारात येते. आपली सगळी यंत्रणा हिला कळलीय.”

शालन हसली नाही.

“माझी सासू या घरात हळू बोलायची,” ती म्हणाली. “पोर निजलंय म्हनून.”

“कधीची गोष्ट?”

“ती नवी नवरी होती तवाची. तुमी नव्या, सिस्टर. आमी हितं विचारतच नाय. पुढच्या दाराला जातो.”

रंजिताने कुंदनला फोन लावला. “मॅडम, काकी कुणाचं ऐकत नाय. तुमीच जरा कन्व्हिन्स करा ना. काय लागलं तर सांगा.”

“आणि घरात मूल कुणाचं आहे?”

पलीकडे चालू असलेला मिक्सर बंद झाला.

“तुमी आतल्या खोलीत गेला होता?” त्याने विचारलं आणि फोन कट झाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी आजीला ताप होता. काळेपणा घोट्याला टेकला होता. रंजिताने अॅम्ब्युलन्स बोलावली. ती गल्लीत शिरेना, म्हणून स्ट्रेचर चालत आलं. आजीने खाटेचा खूर घट्ट धरला.

“मी त्याला डोस देते,” रंजिता म्हणाली. “मग निघायचं?”

आजीने तिच्याकडे नीट पाहिलं. “दे.”

आतल्या खोलीत एक छोटी गोधडी होती, एक छोटी उशी, आणि उशीला खळगा. रंजिताला अवघडल्यासारखं झालं नाही. न झालेलं झालं असं दाखवणं सरकारी नोकरीत नवीन नसतं. तिने पेटीतून कुपी काढली, खळग्याच्या जरा वर धरली आणि दाबली.

दोन थेंब पडले.

उशी कोरडी होती.

तिने बोट लावून पाहिलं. कोरडी. आणखी एक थेंब टाकून पाहावा असं तिच्या मनात आलं. पण डोस दोनच थेंबांचा असतो.

“शालन,” ती आतूनच म्हणाली, “फुली पुसा.” तिचा आवाज हळू झाला होता.

आजी मुकाट्याने स्ट्रेचरवर आडवी झाली. दारातून बाहेर काढताना तिने रंजिताचा डावा हात धरला, खाली ओढला आणि त्याची बोटं एकेक करून मिटली.

“मी येईपर्यंत सोडू नको हां.”

“नाही सोडत,” रंजिता म्हणाली. पेशंटला असं म्हणतातच.

अॅम्ब्युलन्स गेली. पाय वाचेल, निदान घोट्याच्या वरचा तरी, असं अॅम्ब्युलन्सबरोबर आलेला डॉक्टर म्हणाला होता. चांगली बातमी होती. पुढची घरं बाकी होती.

दोघी चालू लागल्या. रंजिता नेहमी झपझप चालायची. आज तिची पावलं लहान पडत होती.

शालन तिच्या डावीकडून चालत होती. ती थांबली, मागून वळसा घालून उजवीकडे आली आणि परत चालू लागली.

गल्लीच्या तोंडाशी उघडं गटार होतं. रंजिताने ते ओलांडलं आणि, कळायच्या आत, डावा हात थोडा वर उचलला.

हाताला वजन लागलं.

मुलं उचलून वजनकाट्यावर ठेवण्यात तिचं आयुष्य गेलं होतं. अंदाज आपोआप आला. तीन वर्षांचं असेल. वयाच्या मानाने कमी.