पूजा व्हायची आहे

सन एकेचाळीसच्या दसऱ्याच्या सुटीत, भालकी स्टेशनावर त्या दुपारी बैलगाडी एकच उभी होती आणि खटकचिंचोळीला जाणारी माणसे दोन होती. ती हेमावतीच्या आत्याने, सोजराबाईने, भाचीसाठी धाडलेली. दुसरा उतारू गाडीवान भीमण्णाच्या ओळखीचा निघाला. तो आत्याच्या शेजारच्या लक्ष्मम्माचा मुलगा ईरण्णा, हैदराबादेत इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता. भीमण्णाने त्याला गाडीत घेण्याआधी वाकून त्याच्या पायांना हात लावला. हेमावतीला नवल वाटले. तीही हैदराबादेतच बी. ए. करीत होती, तिच्या पायांना अजून कोणी हात लावला नव्हता.

वाटेच्या दोन्ही अंगांना उडदाच्या काढणीचा वास दरवळत होता. तिने शिदोरी सोडली आणि भाकरीवर शेंगांची चटणी ठेवून त्याच्यापुढे केली.

“नको. पूजा व्हायची आहे अजून.”

गळ्यातले इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा केल्यावाचून घास घ्यायचा नाही, हा दोघांच्याही घरचा नेम.

“दिवस कलायला लागला की,” ती म्हणाली. “तुमचा देव लईच उशिरा उठतो.”

तो हसला... पण ते हसू ओठांशीच थांबले. भीमण्णाने मागे वळून अभिमानाने सांगितले, की अण्णा वसतिगृहातही दोन-दोन दिवस जेवत नाहीत. शिकूनसवरून शरण, म्हणजे संतच झालेत, आणि दसऱ्याला गाव त्यांचा मान करणार आहे.

हेमावतीने त्याच्या कपाळाकडे पाहिले. भस्माची एक रेघ नव्हती. मनगटे काडीसारखी झाली होती, आणि कॉलर मानेभोवती सैल फिरत होती.

लक्ष्मम्माचे आणि आत्याचे परसदार एकच. पुढचे चार दिवस हेमावती पाहत राहिली. सकाळी त्याची आई, अव्वा, पूजेचे पाणी नि फुले ठेवून जाई; दुपारी फुले जागच्या जागी सुकलेली असत आणि ईरण्णा भिंतीला टेकून बसलेला असे. तिला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. मागल्या वर्षी तिनेही वसतिगृहात ‘पूजा व्हायची आहे’ हेच तीन शब्द सांगून ताट परत धाडले होते. शेवटी एका प्राध्यापिकाबाईंनी तिला सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांकडे नेले. सहा महिने, दर गुरुवारी. ही गोष्ट घरात तिच्या वडिलांखेरीज, अप्पांखेरीज, कोणाला ठाऊक नव्हती, आणि कळून चालणारही नव्हते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आळंदचे पाहुणे तिला बघायला येणार होते.

तरी पाचव्या दिवशी ती विहिरीपाशी त्याच्याजवळ थांबली.

“पूजा व्हायची न्हाई,” ती हळूच म्हणाली. “तुम्ही ती करायलावच न्हाई.”

त्याने आजूबाजूला कोणी नाही ना, ते पाहिले. “तुम्हाला कसं कळलं?”

“मीबी तेच सांगत होते, मागल्या साली.”

मग तो बोलला. तुटक, थांबत थांबत. वर्गात सारे उर्दूतून. आधी तेवढे कळेना, मग कशातच लक्ष लागेना. दुखत काही नव्हते, रडूही येत नव्हते. लिंग तळहातावर घेतले की तो हात आपला नाहीच असे वाटे. तिने डॉक्टरांचे सांगितले, तेव्हा तो दचकला. “पागलखान्यात?” नव्हे, तिने समजावले; समोरासमोर खुर्च्या टाकून बसायचे, ते विचारतात, आपण सांगायचे.

“आणि अव्वाला काय सांगू? गाव पाया पडायलंय. शरण न्हाई, आजारी आहे म्हणू?”



दसऱ्याच्या सकाळी त्याला चौरंगावर बसवले. माणसे रांगेने येऊन वाकत होती. त्यात आळंदच्या पाहुण्यांच्या नात्यातली, गावातलीच एक बाईही होती. लक्ष्मम्माच्या चेहऱ्यावर तेज मावत नव्हते. मुलाचे ओठ मात्र पांढरे पडत चालले होते. त्याने मान उचलली आणि गर्दीतून नेमके हेमावतीकडे पाहिले. ती पुढे सरली. आत्याने तिचे मनगट धरले, ते तिने सोडवून घेतले.

“अव्वा, हे व्रत न्हाई,” ती म्हणाली.  “आजार आहे. मला हाच झाला होता. मी सहा महिने डॉक्टरांकडं जात होते.”

 लक्ष्मम्माने मुलाकडे वळून विचारले, “व्हय का रे?”

“व्हय, अव्वा...” आणि कैक महिन्यांनी त्याला रडू आले.

लक्ष्मम्माने त्याचे डोके पोटाशी धरले आणि लोकांना घरी जायला सांगितले.

आळंदचे पाहुणे आले नाहीत. आत्या दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भाचीच्या केसांना तेल चोळता चोळता पुटपुटली, की तसेही त्या घरात म्हणे सुनांना पोटभर झोपू देत नाहीत.

सुटी संपताच हेमावतीने मायलेकांना हैदराबादेतल्या दवाखान्याच्या दारापर्यंत पोहोचवले. आत तो एकटाच गेला. गुरुवारांमागून गुरुवार गेले. काही तो हसत बाहेर आला, काही नुसताच आला.

माघात तिघे गावाकडे निघाली, तेव्हा गाडी बीदरला बराच वेळ थांबली. लक्ष्मम्माला डब्यात डुलकी लागली होती. ती दोघे फलाटावर उतरली.

“आळंदचे पाहुणे माझ्यापायी फिरले,” तो म्हणाला.

“फिरले ते बरं झालं. लपवून नांदणं मला जमलं नसतं.”

“मग... मी तुमच्या गावी, निंबर्ग्याला येऊ? तुमच्या अप्पांना भेटायला?”

तिने रोखून पाहिले. “कामून? उपकार फेडायलाव काय?”

“न्हाई. हे दसऱ्यालाच विचारावं वाटलं होतं. पण तवा बुडत होतो, आणि बुडणारा कुणाचाबी हात धरतो. म्हणून थांबलो.” त्याने श्वास घेतला. “पुरता बरा झालो न्हाई, हेमावती. विचारण्याइतका झालोय.”

आजवर तो तिला ‘हेमावतीबाई’ म्हणे; आज पहिल्यांदाच त्याने नुसते नाव घेतले. तिच्या गालांवर ऊन आल्यासारखे झाले.

“लोक म्हणतील, दोन खुळी एका घरात...” ती थांबली. खरी भीती निराळीच होती. “आणि एखाद्या दिवशी मी परत गप्प झाले तर?”

“तर कामून म्हणून विचारणार न्हाई. शेजारी बसून राहीन. आणि गुरुवार आला की गाडीत बसवून घेऊन जाईन.”

इंजिनाने शिटी दिली. तो हात पुढे करून उभा होता. तिने पायरीवर पाय ठेवण्याआधी तो हात धरला, आणि वर चढल्यावरही सोडला नाही.

“या निंबर्ग्याला,” ती म्हणाली. “पण अप्पांना आधी आजाराचं सांगा. शिक्षणाचं मागून.”