काचेच्या कपाटातला दलदल्या

“माझा राक्षस चोरीला गेला,” असं म्हणून दंतवैद्यांनी खुर्चीत अंग टाकलं.

भाऊजींचा चहाचा घोट घशातच अडकला. निवृत्त झाल्यापासून वेळ जावा म्हणून ते मेहुणीच्या गुप्तहेर कचेरीत येऊन बसत. हरवलेले दागिने आणि पळालेले नवरे त्यांनी पाहिले होते, पण राक्षस पहिलाच.

“केवढा होता?” त्यांनी घाबरत विचारलं.

“वीतभर,” डॉक्टर म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

मेहुणीला सगळं गाव नुसतं ‘बाई’ म्हणायचं. बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. “सुरुवातीपासून सांगा.”

डॉक्टरांच्या लहानपणी कॉमिक्समधल्या राक्षसांचे बाहुले मिळायचे. तीन डोळ्यांचा, वटवाघळाच्या पंखांचा, बर्फात राहणारा. ते जमवण्याचं वेड डॉक्टरांना केस पांढरे झाले तरी सुटलं नव्हतं. या सगळ्यांचा राजा होता दलदल्या: हिरवागार, खवल्याखवल्यांचा. शाळेच्या शर्यतीत थोरल्या भावाने तो बक्षीस म्हणून जिंकला आणि घरी येताच धाकट्याच्या हातात ठेवला.

“तो माझा दादा पुढे जहाजावर गेला. कित्येक वर्षांनी आज घरी येतोय, खास माझ्या प्रदर्शनासाठी. संध्याकाळी उद्घाटन आहे आणि दलदल्याच नाही! कोणत्या तोंडाने सांगू त्याला?”

“काल घरी कोण आलं होतं?”

“जाहिरातीचे फोटो काढायला फोटोग्राफर आला होता, पहिल्यांदाच. आणि माझा बालमित्र, समोरचा घड्याळजी. तो तर रोजचाच. घरची म्हणाल तर सूनबाई. चहा चालू असताना दादाचा फोन आला. त्याचा आवाज सगळ्या खोलीने ऐकला. म्हणाला, ‘डोळे बांधून एकेक राक्षस माझ्या हातात दे. नुसत्या वासावरून ओळखतो की नाही बघ. पहिला दलदल्या!’ लहानपणी आमचा तोच खेळ होता.”

डॉक्टरांच्या घरी राक्षसांची स्वतंत्र खोली होती. काचेच्या कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली शेजारच्याच खिळ्याला लटकत होती. मधला कप्पा रिकामा. खिडकी सताड उघडी.

“चोर इथून आला!” भाऊजी विजयी मुद्रेने म्हणाले.

बाईंनी बाहेर वाकून पाहिलं. खिडकीच्या अरुंद कट्ट्यावर कुंड्यांची दाटी होती. एकही कुंडी हललेली नव्हती, एक पानही मोडलेलं नव्हतं.

सूनबाई हात पुसत आली. तिला दिवस गेले होते.

“माझ्यावरच संशय असेल ना? ही खोली बाळासाठी हवी, असं मीच म्हणत होते. पण चोरायचे तर सगळेच चोरले असते, एक कशाला?”

भाऊजींना हसू आवरेना.

“दलदल्यात काही बदल जाणवला होता?” बाईंनी विचारलं.

“त्याची धूळ! जुनं मऊ प्लास्टिक चिकट होतं म्हणे. मग बाबा दर रविवारी त्याला टाल्कम पावडर लावायचे, तरी धूळ हटायची नाही. हल्ली मात्र नुसती फुंकर मारली की स्वच्छ. बाबा म्हणाले, माझा राक्षस तरुण झाला.”

“कधीपासून?”

“त्याचा खांदा दुरुस्त होऊन आला तेव्हापासून. महिना झाला असेल.”

फोटोग्राफर चिडलेला होता. “कपाट डॉक्टरांनी उघडलं, त्यांनीच बंद केलं. मी कॅमेऱ्यातून डोळासुद्धा काढला नाही. हवी तर झडती घ्या!”

“हाच,” भाऊजी बाहेर येताच कुजबुजले. “फार तडकतोय.”

“खोटा आळ आला तर तुम्हीही तडकाल,” बाई म्हणाल्या.

घड्याळजीच्या दुकानात भिंतभर टिकटिक चालली होती. तो मान खाली घालून चिमट्याने एक चक्र बसवत होता. मध्येच थांबून त्याने रबरी फुग्याने त्यावरचा धुळीचा कण उडवला.

“डॉक्टरांच्या दादाबरोबर तुम्हीही शिकलात?”

“त्या शर्यतीत मीही धावलो होतो.” तो हसला. “दुसरा आलो. दुसऱ्याला टाळ्या मिळाल्या.”

“खांदा तुम्हीच बसवलात ना?”

“हो. चार दिवस लागले.”

बाईंची नजर टेबलावरच्या टाल्कमच्या डब्यावर पडली. कोपऱ्यातलं उंच घड्याळ तेवढं बंद होतं. त्याच्या दाराच्या मुठीवर पांढुरकी बोटं उमटली होती.

दुपारी बाईंनी सगळ्यांना राक्षसांच्या खोलीत बोलावलं.

“खिडकीतून कोणी आलं नाही,” त्यांनी सुरुवात केली. “येताना कुंड्या पडल्या असत्या. खिडकी आतून उघडली, ती आपल्याला फसवायला. आता खरी गोष्ट. काल चोरीला गेला तो दलदल्या नव्हताच.”

“म्हणजे?” डॉक्टर उठलेच.

“खऱ्या दलदल्याला धूळ चिकटते. याची फुंकरीने उडत होती, कारण त्याचं प्लास्टिक नवं होतं. तुमचा राक्षस तरुण झाला नव्हता, डॉक्टर. तो बदलला होता. खांदा दुरुस्त होऊन आला, ती नक्कल.”

“अहो, पण नक्कल बेमालूम होती तर ती पळवायची कशाला?” भाऊजींनी विचारलं.

“आता नेमकं विचारलंत! डॉक्टरांचे डोळे फसले. दादांच्या नाकाला कोण फसवणार? नव्या प्लास्टिकला तो वास कुठून येणार? काल तो फोन ऐकला आणि नक्कल नाहीशी करणं भाग पडलं. फोटोग्राफर काल पहिल्यांदाच आले, म्हणजे अदलाबदल त्यांनी केलेली नाही. सूनबाईंनी केली असती, तर फुंकरीची गोष्ट आपण होऊन सांगितली नसती. आणि धुळीच्या कणाचाही वैरी असलेला घड्याळजी टेबलावर पावडरचा डबा ठेवतो तो कोणासाठी?” बाई वळल्या. “बंद घड्याळाच्या पोटात आहे ना तो?”

घड्याळजीची मान खाली गेली. मग तो उठला, रस्ता ओलांडून गेला आणि फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आला. डॉक्टरांनी फडकं सोडलं. दलदल्या!

“मागितला का नाहीस?” डॉक्टर त्याच्याकडे वळले.

“दिला असतास?”

डॉक्टरांनी हातातल्या दलदल्याकडे पाहिलं. “नाही,” त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. “पण रोज हातात धरू दिला असता. गाढवा, रोज चहाला येत होतास की!”

घड्याळजी ओंजळीत तोंड लपवून रडला. डॉक्टरांचा राग काही लगेच उतरला नाही, पण संध्याकाळी निघताना त्यांनी त्याला बखोटीला धरून सोबत नेलं.

सभागृह खचाखच भरलं होतं. उन्हाने रापलेले दादा डोळ्यांवर रुमाल बांधून उभे राहिले. डॉक्टरांनी दलदल्या त्यांच्या हातात दिला. दादांनी एकदाच खोल श्वास घेतला, आणि ओळखल्याचं सांगायच्या ऐवजी अशी काही डरकाळी फोडली की पुढच्या रांगेतली बाळं दचकली. लगोलग डॉक्टर गरजले. मागून घड्याळजीचा भसाडा आवाज मिसळला. मग टक्कल पडलेले, चष्मे लावलेले, काठ्या टेकत आलेले सगळेच गरजू लागले.

“भाऊजी, तुम्ही?” बाई चकित होऊन म्हणाल्या.

भाऊजींनी दोन्ही हातांचे पंजे उगारले होते.